उधारीच्या वहीत सापडलेली डोकेदुखी

सोलापूरच्या पूर्व भागात आमचं मेडिकल आहे. आजूबाजूला यंत्रमाग, विड्या वळणारी घरं आणि आता घरोघरी शिलाई मशिनं. शाळेचे गणवेश शिवायचं काम इथल्या बायका नगावर घेतात. पैसे पंधरवड्यानं, कधी महिन्यानं. म्हणून आमच्याकडे उधारीची वही अजून चालू आहे. चिठ्ठीवरची औषधं कॉम्प्युटरवर बिल होऊन जातात. दोन सुट्या गोळ्यांसाठी मात्र ना गिऱ्हाईक बिलाला थांबतं, ना आम्ही आग्रह धरतो. त्या वहीत जातात.

पुढचं प्रकरण त्या वहीनं उघडं पाडलं. माझ्या डिप्लोम्याचा आणि बावीस वर्षं काउंटरवर उभं राहण्याचा त्यात काडीचाही वाटा नव्हता. बाईंना विचारून लिहितोय. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन तपशील बदलले आहेत.

मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी त्या हिशेब चुकता करायला आल्या. वय 38, नवरा मागावर, दोन मुलं, सासू. मी त्यांचं पान काढून बोट खाली फिरवत बेरीज करायला लागलो. "डोके 2", "डोके 2", "डोके 1", मध्येच "पित्त 1", परत "डोके 2". एरवी माझं लक्ष रकमेकडे असतं. त्या दिवशी बोट थांबता थांबत नव्हतं, इतक्या ओळी. तारखा मोजल्या. 31 दिवसांपैकी 23 दिवस, एकूण 41 गोळ्या. मागचं पान उलटलं: एप्रिलमध्ये 19 दिवस. मार्चमध्ये 14.

यातली एकही ओळ चोरून लिहिलेली नव्हती. काही माझ्या अक्षरात, काही बायकोच्या (तीही फार्मासिस्ट आहे), बऱ्याचशा काउंटरवरच्या पोराच्या. तिघांनी पाळीपाळीनं दोन-दोन गोळ्या दिल्या आणि तिघांपैकी कोणालाच महिना दिसला नाही. दोन गोळ्यांची विक्री कधीच जास्त वाटत नाही, हीच तिची खोड.

गोळी कोणती, तर पॅरासिटामॉल 250, प्रोपिफेनाझोन 150 आणि कॅफिन 50 मिलिग्रॅम. गावोगाव चालणारं जुनं मिश्रण. 2018 च्या सप्टेंबरात केंद्रानं 328 मिश्र औषधांवर बंदी आणली, त्या यादीत हे मिश्रण होतं. सुप्रीम कोर्टानं त्याची विक्री चालू ठेवू दिली. आता गंमत बघा. पॅरासिटामॉलची निरोगी प्रौढासाठीची मर्यादा दिवसाला 4 ग्रॅम, म्हणजे अशा सोळा गोळ्या. या बाई दिवसाला दोनच्या वर क्वचित गेल्या असतील. लिव्हरच्या हिशेबानं बघितलं तर बोट ठेवायला जागा नाही. पण डोकेदुखीच्या औषधांत गोळ्यांपेक्षा दिवस मोजावे लागतात. डोकेदुखीचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण असं सांगतं: आधीपासून डोकेदुखीचा त्रास असलेल्या माणसाचं डोकं महिन्यात 15 किंवा जास्त दिवस दुखत असेल, आणि तीन महिन्यांहून जास्त काळ साधं वेदनाशामक महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, किंवा मिश्र वेदनाशामक, ट्रिप्टान, अर्गोटामिन (ही दोन्ही मायग्रेनची खास औषधं) यांपैकी काही 10 किंवा जास्त दिवस घेतलं जात असेल, तर ती डोकेदुखी औषधाच्या अतिवापराची धरायची. गोळी दुखणं थांबवते आणि तीच पुढचं दुखणं बोलावून आणते. आमच्या मिश्रणाला दहाची मर्यादा लागू. मार्चपासूनची तिन्ही पानं तिच्या पलीकडची.

म्हणजे हे दुखणं काही अंशी आमच्याच दुकानातून सुट्टं विकलं गेलं होतं.

"ताई, रोज दुखतंय का डोकं?" मी विचारलं.

"डोकं कुठलं ओ दादा, पित्त आहे माझं. जुनंच आहे."

हा शब्द इथं थांबून बघण्यासारखा आहे. मराठी माणूस काउंटरवर येऊन "मायग्रेन" म्हणत नाही. तो म्हणतो पित्त उठलंय, पित्त चढलंय, डोकं उठलंय, अर्धं डोकं धरलंय. जुनी माणसं अर्धशिशी म्हणतात. आणि पित्ताचं वर्णन करायला लावलं की ते असं निघतं: सकाळपासून एका बाजूला ठणका, उजेड नको, आवाज नको, फोडणीचा वास आला की मळमळ, शेवटी उलटी झाली की मोकळं वाटतं. उलटीत आंबट-पिवळं पाणी पडतं, म्हणून नाव पित्त. पाठ्यपुस्तकातलं मायग्रेन याहून वेगळं नाही. पण "पित्त" ऐकलं की आमचा हात आपोआप अ‍ॅसिडिटीच्या फळीकडे जातो. वहीतले ते "पित्त 1" म्हणजे पँटोप्राझोल. वर्षभर मी मायग्रेनला जळजळीची गोळी देत होतो.

याउलट "डोकं जड झालंय", "कपाळाला पट्टा आवळल्यासारखं वाटतंय", "मानेपासून वर चढतंय" असं कोणी म्हणालं आणि मळमळ नसेल, तर ती बहुधा ताणाची डोकेदुखी. या बाईंकडे आता दोन्ही होतं. रोजचं जड डोकं, आणि त्यात आठवड्या-दहा दिवसांनी खरा ठणका. त्या दिवशी डोक्याला ओढणी घट्ट बांधायची, कपाळाला सुंठ उगाळून लावायची आणि तशाच अवस्थेत कॉलर शिवत बसायचं. मे-जून म्हणजे गणवेशांचा हंगाम. पंधरा जूनला शाळा उघडतात, त्याआधी माल गेला पाहिजे.

इंग्लंडमधल्या फार्मसीत डोकेदुखीचं औषध मागणाऱ्याला पाच गोष्टी विचारायची पद्धत आहे: कोणासाठी, काय होतंय, कधीपासून, आतापर्यंत काय केलं, आणखी कोणती औषधं चालू आहेत. आमच्या वेळी डी.फार्म.ला, म्हणजे फार्मसीच्या डिप्लोम्याला, "ड्रग स्टोअर" या विषयात दुकानाची मांडणी आणि साठ्याचा हिशेब शिकवत. 2020 च्या अभ्यासक्रमात कम्युनिटी फार्मसी स्वतंत्र विषय झालाय. 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीत तर रुग्णाला समजावून सांगणं हे आमचं कामच म्हणून लिहिलेलं आहे. रात्री आठला काउंटरवर नऊ माणसं उभी असतात तेव्हा ती नियमावली कुठं असते, ते विचारू नका. या बाई दुपारी तीनला आल्या होत्या. नाहीतर त्या दिवशीही मी फक्त पैसे मोजून घेतले असते.

पाचपैकी चार प्रश्न मी विचारले. सोळाव्या वर्षापासून महिन्याला एक-दोनदा "पित्त" व्हायचं. गेली दीड वर्षं वाढलं. आता सकाळी जाग येते तीच जड डोक्यानं. गोळी घेतल्याशिवाय मशिनीवर बसता येत नाही. दुपारी उतार, रात्री परत. डोकं दुखेल या भीतीनंही कधी आधीच गोळी घेतात. "आणखी काही घेता?" या प्रश्नावर आधी नाही आलं. मग जरा वेळानं, "ते चौकातल्या मेडिकलमधनं नवऱ्याची कंबरेची गोळी आणतोय की, ती घेते एखादी." ती डायक्लोफेनॅक निघाली, तीही वेदनाशामकच. शेड्यूल एच, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न द्यायची. महिन्याला पाच-सहा. त्या आमच्या वहीत नव्हत्याच. चहा दिवसातून सहा वेळा. जेवण दुपारी दोनच्या पुढं, गुरुवार आणि संकष्टीला उपवास.

खासगी प्रश्न बायकोनं आत बोलावून विचारले. पाळीच्या आधी दोन दिवस डोकं जास्त उठतं का? हो, लहानपणापासून. दिवस गेले असण्याची शक्यता? नाही, ऑपरेशन झालंय. गर्भनिरोधक गोळ्या? कधीच नाही. डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढं चकाकत्या रेघा, अंधारी? नाही. हे मी विचारलं असतं तर बाईंनी पदर नीट करून "बघते नंतर" म्हटलं असतं आणि मीही सोडून दिलं असतं. ठणक्याआधी चकाकत्या रेघा दिसणाऱ्या बाईनं इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेणं पक्षाघाताच्या दृष्टीनं धोक्याचं असतं, म्हणून तो प्रश्न टाळून चालत नाही. काउंटरला पुरुष आहे की बाई, यावर निम्मी माहिती ठरते.

मग धोक्याच्या खुणा. दुखणं एका मिनिटाच्या आत शिगेला पोचलं का, आयुष्यात असं कधी दुखलं नव्हतं असं? ताप आणि मान आखडणं? हात-पाय बधिर, तोंड वाकडं, बोलताना जीभ अडखळणं, दोन-दोन दिसणं? डोक्याला मार? वजन उतरतंय? खोकलं-शिंकलं की वाढतं? सगळ्याला नाही. वय पन्नाशीच्या आत, दुखण्याचा मूळ स्वभाव वीस वर्षांचा जुना. बीपी 126/82, सासूबाईंच्या मते हे सगळं बीपीचं होतं, त्यांचा जरा हिरमोड झाला. वरच्यापैकी एकाही प्रश्नाला हो आलं असतं तर वही बाजूला ठेवून रिक्षा बोलावली असती. (पावसाळ्यात आणखी एक भर: डोकं आणि ताप एकत्र असेल तर डेंग्यूची शंका मिटेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नाही, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो.)

पुढचं बोलणं अवघड होतं. ज्या गोळीनं बाईंना दीड वर्ष उभं ठेवलं, तीच आता दुखवतेय हे त्याच गोळीच्या विक्रेत्यानं सांगायचं. मी वही त्यांच्याकडे फिरवली आणि तीन महिन्यांचे आकडे दाखवले. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"एवढ्या? मला वाटलं आठवड्यातनं दोनदा घेते."

"आम्हालाही तेच वाटत होतं."

"मग आता देणार नाही म्हणता?"

नाही म्हणणं सोपं होतं. आमच्या रस्त्यावर पाच मेडिकल आहेत. मी नाही म्हटलं असतं तर गोळ्या तेवढ्याच गेल्या असत्या, फक्त वही बंद झाली असती. शिवाय हंगामाचे पंधरा दिवस बाकी होते आणि बाईंनी स्पष्ट सांगितलं, "पंधरा जूनपर्यंत मला पडून चालणार नाही." धोक्याची खूण नव्हती, म्हणून आम्ही तडजोड केली. तोपर्यंत गोळी आमच्याकडूनच, नवऱ्याची कंबरेची गोळी बंद, भीतीपोटी आधीच घ्यायची नाही, आणि घरातल्या कालनिर्णयवर खुणा: डोकं दुखलं तर लाल टिंब, गोळी घेतली तर त्यापुढं निळी रेघ. मशिनीसमोरच टांगलेलं असतं, खडूनं केलं तरी चालेल म्हटलं. हंगाम संपला की डॉक्टर. हे बरोबर होतं का? एक फार्मासिस्ट मित्र म्हणाला, त्याच दिवशी पाठवायला हवं होतं. असेल. पण त्याच दिवशी त्या गेल्या नसत्या, हेही मला माहीत होतं.

सतरा जूनला त्या कालनिर्णयचं पान घेऊन आल्या. मी एक चिठ्ठी लिहून दिली. जशीच्या तशी देतो, कारण असं काही लिहायची ही माझी पहिलीच वेळ होती:

"स. न. रुग्ण वय 38. सोळाव्या वर्षापासून एका बाजूची ठणकणारी डोकेदुखी, मळमळ-उलटी, पाळीच्या सुमारास जास्त. दीड वर्षापासून जवळजवळ रोज. मे महिन्यात पॅरासिटामॉल-प्रोपिफेनाझोन-कॅफिन मिश्रण 23 दिवस, 41 गोळ्या, त्याशिवाय डायक्लोफेनॅक सुमारे 6. बीपी 126/82. दमा, अल्सर, औषधांची अ‍ॅलर्जी नाही असे सांगतात. औषधाच्या अतिवापराची डोकेदुखी असावी का, कृपया पाहावे. जूनच्या नोंदीचे पान सोबत."

निदान आपण करायचं नाही, म्हणून "असावी का". आकडे मात्र ठामपणे लिहिले, कारण ते दुसऱ्या कोणाकडे नव्हते. डॉक्टरांकडे बाई याआधी दोनदा गेल्या होत्या आणि दोन्ही वेळा "कधीकधी एखादी गोळी घेते" असं सांगून आल्या होत्या. त्यात खोटं काही नव्हतं. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

फिजिशियननी तपासलं, डोळ्यांचे पडदे पाहिले, अंदाज बरोबर असल्याचं सांगितलं. नवऱ्याला "डोक्याचा फोटो" काढून हवा होता. गरज नाही म्हटल्यावर त्याला उपचार हलके वाटले. औषधं अशी: मिश्र गोळी एकदम बंद, पहिला आठवडा नेप्रोक्सेन हे साधं वेदनाशामक जेवणानंतर ठरल्या वेळी आणि सोबत पोटासाठी गोळी, नंतर नेप्रोक्सेन फक्त खऱ्या ठणक्याला आणि आठवड्यातून जास्तीत जास्त दोन दिवस, उलटीसाठी एक, आणि रात्री अमिट्रिप्टिलिन 10 मिलिग्रॅम.

त्या रात्री नऊला मोठा मुलगा मोबाईल घेऊन आला. बारावीतला. "काका, हे तर डिप्रेशनचं औषध दाखवतंय. आईला वेड लागलंय का?" हा प्रश्न येणार हे मला दुपारीच कळायला हवं होतं, औषध देतानाच बोललो असतो तर पोरगं घाबरलं नसतं. त्याला सांगितलं की नैराश्यासाठी याचा डोस बराच मोठा असतो. एवढ्या लहान डोसात ते मायग्रेनचे झटके कमी व्हावेत म्हणून देतात. तोंड कोरडं पडेल, सकाळी सुस्ती वाटेल, म्हणून झोपायच्या तासभर आधी घ्यायचं. आणि गुण यायला चार ते आठ आठवडे लागतात, पहिल्या आठ दिवसांत काहीच वाटलं नाही तर बंद करायचं नाही. शेवटचं वाक्य मी त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

गोळी सोडल्यावर डोकं आधी वाढतं. साधारण दोन ते दहा दिवस, सोबत मळमळ, चिडचिड, झोपमोड. हे आम्ही आधीच बजावलं होतं, चहा एकदम तोडायचा नाही हेही. सहाचे चार, मग तीन. तरी चौथ्या दिवशी संध्याकाळी नवरा आला. "दोन नको, एकच द्या. बघवत नाही." मी डॉक्टरांना फोन लावला, ते म्हणाले नेप्रोक्सेन चालू ठेवा, दुसरं काही नाही. मी नाही म्हटलं. बावीस वर्षांत एवढीशी गोळी नाकारायची ही पहिलीच वेळ. तो काही न बोलता गेला. नंतर कळलं, त्यानं ती दुसरीकडून नेली आणि बाईंनी अर्धी मोडून घेतली. हे त्यांनी मला सांगितलं नाही, बायकोला सांगितलं.

दहाव्या दिवशी त्या स्वतः आल्या. डोळे आत गेलेले. म्हणाल्या, "आज उठले तर डोकं नव्हतं." आमच्याकडे डोकं नसणं म्हणजे दुखणं नसणं, काउंटरवरचं पोर हसलं आणि मग त्याच हसल्या.

पुढचे आकडे कालनिर्णयवरचे. जुलैत 12 दिवस डोकं, 6 दिवस गोळी. ऑगस्टमध्ये 9 आणि 5. सप्टेंबरात 7 आणि 4. त्या सातांतले तीन पाळीच्या आधीचे, एक संकष्टीचा, एक विसर्जन मिरवणुकीतल्या डॉल्बीचा. संकष्टी तशी कालनिर्णयवर छापलेलीच असते, तिच्यावर लाल टिंब पडलेलं चार महिने ओळीनं दिसलं तेव्हा बाईंना स्वतःलाच कोडं उलगडलं. उपवास सोडा असं मी सांगितलं नाही. सांगून कोणी सोडतही नाही. चंद्रोदयाची वाट बघत रिकाम्या पोटी शिवत बसायचं नाही, दुपारी केळं, राजगिऱ्याचा लाडू आणि भरपूर पाणी, एवढं ठरलं. गुरुवारचा उपवास त्यांनी आपणहून सोडला.

ऑक्टोबरात दिवाळीच्या कामानं परत घसरण झाली. 11 दिवस डोकं, 9 दिवस गोळी. या वेळी नोंद त्यांनी स्वतः आणून दाखवली. डॉक्टरांनी अमिट्रिप्टिलिनचा डोस वाढवला. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा आली तेव्हा आकडा पुन्हा सातवर होता. दोन-तीनवर कधी येईल का, माहीत नाही. चष्मा लागलाय, मशिनीवर नवा दिवा आलाय, त्यांचं श्रेय कोणाला द्यायचं हेही सांगता येत नाही.

दुकानात आम्ही एक बदल केला. वहीत "डोके" लिहिलं की शेजारी महिन्यातली कितवी वेळ ते लिहायचं, आणि पाचव्या वेळेला पोरानं गोळी द्यायच्या आधी मला किंवा बायकोला हाक मारायची. रोख गिऱ्हाइकाची वही नसते, त्याला तोंडीच विचारावं लागतं: "या महिन्यात कितव्यांदा?"

परवा रात्री गर्दीच्या वेळी एक ट्रकवाला आला. दोन गोळ्या मागितल्या. पोरानं शिकवल्याप्रमाणं विचारलं. तो म्हणाला, "गोळी मागितली, तू जनगणना करायला लागला व्हय रे?" आणि पैसे उचलून निघाला. समोरच्या मेडिकलमध्ये त्याला अर्ध्या मिनिटात दोन गोळ्या मिळाल्या. आमच्या काउंटरवरून ते स्वच्छ दिसतं.